पॉसेनियसचं बोट धरून

अथेन्समध्ये मुक्काम ठोकून एका दिवसात बाहेरचं काही बघून यायचं म्हटलं की तीन पर्याय पुढे येतात: डेल्फी, सूनियनचं टोक आणि आर्गोलिस. डेल्फीचं नाव मोठं आहे आणि सूनियनच्या सूर्यास्ताचे फोटो मोबाईलमध्ये छान दिसतात. तरी कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आर्गोलिस सांगतो. कॉरिंथचा कालवा, मायसीनी, नाफ्प्लियो आणि एपिडॉरस अशी ही सहल. बस सकाळी लवकर निघते आणि संध्याकाळी परत आणून सोडते. दगडधोंडेच बघायचे, पण ते तीन हजार वर्षांच्या अंतरात विखुरलेले.

शिवाय या वाटेवर एक जुना सोबती मिळतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ग्रीस रोमन साम्राज्याचा प्रांत असताना, पॉसेनियस नावाचा आशिया मायनरकडचा गृहस्थ हा मुलूख पायाखाली घालत होता. देवळं, थडगी, पुतळे, पडके कोट असं जे दिसलं आणि तिथल्या लोकांनी जे सांगितलं, ते त्याने दहा भागांत लिहून ठेवलं. दुसरा भाग कॉरिंथ आणि आर्गोलिसचा, म्हणजे आपल्या बसच्याच मार्गाचा. स्थानिक गाईड काय वाटेल ते ठोकून देतात, असा त्याचा सूर काही ठिकाणी लागतो. तक्रार जुनीच म्हणायची.

आजच्या गाईडवर तसा आळ घेणं अवघड आहे. ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळांवर माहिती सांगण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि त्यासाठी रीतसर शिक्षण घ्यावं लागतं. सहल ठरवताना ‘बसमध्ये सोबत असणारा माणूस’ आणि ‘परवानाधारक गाईड’ यांतला फरक नीट विचारून घ्यावा. पहिला बसमध्ये बोलतो आणि फाटकाशी तुम्हाला सोडून देतो. पैसे वाचतात, पण मायसीनीत नुसते दगड उरतात.

अथेन्सपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर बस कालव्याच्या पुलाशी थांबते. पेलोपोनीज हा ग्रीसचा दक्षिण भाग मुख्य भूमीला एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेला आहे. ती पट्टी कापून 1893 मध्ये हा कालवा खुला झाला. लांबी सहा किलोमीटरहून थोडी जास्त, पाण्याची रुंदी जेमतेम पंचवीस मीटर, आणि दोन्ही बाजूंना सरळ कापलेले कडे, मधल्या भागात ऐंशी मीटरच्या आसपास उंच. पुलावरून खाली बघताना पोटात गोळा येतो. आजची मोठी जहाजं यातून जाऊच शकत नाहीत, आणि दरडी कोसळण्याचा त्रास पहिल्यापासून आहे. 2021 मध्ये तर कालवा बंदच ठेवावा लागला.

गोष्ट त्याच्याआधीची जास्त रंगतदार आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास इथे दगडी फरसबंद वाट बांधली गेली होती आणि तिच्यावरून गलबतं गाड्यांवर चढवून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात ओढत नेत. इसवी सन 67 मध्ये सम्राट नीरोने स्वतः कुदळ मारून कालव्याचा मुहूर्त केला. ज्यू युद्धकैदी हजारोंनी कामाला जुंपले गेले, पण पुढच्याच वर्षी नीरो गेला आणि काम थांबलं. पॉसेनियसने ते अर्धवट खोदकाम पाहिलं होतं. देवांनी घडवलेलं जबरदस्तीने बदलणं माणसाला अवघड आहे, असं त्याचं मत पडलं. जवळच इस्थमिया इथे पोसायडन या समुद्रदेवाचं ठाणं होतं आणि त्याच्या नावाने दर दोन वर्षांनी क्रीडास्पर्धा भरत. या देवाला भेटायला खरं तर इतक्या लांब यायची गरज नाही: कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली त्याची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, रोमन व्यापाराच्या काळात समुद्रमार्गे आलेली.

मग मायसीनी. रस्ता संत्र्यांच्या बागांमधून जातो आणि दोन उघड्याबोडक्या डोंगरांच्या बेचक्यात एक बुटकी टेकडी दिसते. होमरच्या महाकाव्यातला अ‍ॅगमेम्नॉन इथला राजा. ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांचा सेनापती. जिंकून घरी आला आणि बायको क्लायटेम्नेस्ट्रा व तिचा प्रियकर एजिस्थस यांनी त्याला मारलं. पुढे मुलाने, ओरेस्टिसने, आईला मारून सूड घेतला.

कोटाच्या भिंतीतले दगड इतके अवाढव्य आहेत की नंतरच्या ग्रीकांना ते माणसाचं काम वाटेना. एकाक्ष राक्षसांनी, सायक्लोप्सनी, ते रचले असं लोक म्हणत आणि पॉसेनियसही तेच नोंदवतो. सिंहद्वार ख्रिस्तपूर्व 1250 च्या सुमाराचं. चौकटीवरची आडवी शिळा वीसेक टनांची. तिच्यावर भिंतीचा भार येऊ नये म्हणून वर त्रिकोणी पोकळी सोडली आहे आणि ती पोकळी झाकायला स्तंभाच्या दोन बाजूंना उभ्या दोन सिंहिणींचं शिल्प बसवलं आहे. तोंडं वेगळी घडवून जोडली होती, ती गेली. शिल्पाकडे सगळे बघतात; भाराची युक्ती गाईडने दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही.

द्वारातून आत शिरलं की उजव्या हाताला उभ्या दगडी फरश्यांचं एक वर्तुळ आहे आणि पुरातत्त्वातली एक गाजलेली गोष्ट इथे घडली. पॉसेनियसने लिहिलं होतं की अ‍ॅगमेम्नॉन आणि त्याच्यासोबत मारले गेलेले लोक भिंतीच्या आत पुरले आहेत. क्लायटेम्नेस्ट्रा आणि एजिस्थस यांची तेवढी लायकी नव्हती म्हणून ते बाहेर. यातली भिंत म्हणजे खालच्या गावाचा कोट, असं विद्वान समजत. हाइनरिख श्लीमान हा व्यापारात गडगंज झालेला जर्मन होमरने झपाटलेला होता आणि ट्रॉय खणून आला होता. त्याने भिंत म्हणजे ही समोरची अवाढव्य भिंत, असा सरळ अर्थ घेतला आणि 1876 मध्ये सिंहद्वाराच्या आतच खणायला सुरुवात केली. खाली खोल कबरी निघाल्या. त्यांत सोन्याचे मुखवटे, मुकुट, प्याले, कट्यारी. सोनंच चौदा किलोच्या आसपास. पाच कबरी सापडल्यावर पॉसेनियसचा हिशेब जमला असं मानून श्लीमान थांबला. सहावी कबर पानायोतिस स्तामाताकिस यांनी शोधली. सरकारच्या वतीने त्याच्यावर देखरेख ठेवणारा आणि त्याच्याशी सतत खटके उडणारा हा ग्रीक अधिकारी. श्लीमानचं नाव जगाला ठाऊक आहे, स्तामाताकिस यांचं बसमधल्या कुणालाही नसतं. चांगला गाईड ते आवर्जून घेतो. गाईडची परीक्षा घ्यायची असेल तर इथे घ्यावी.

कबरी मात्र अ‍ॅगमेम्नॉनच्या नाहीत. त्या ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकातल्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्या तीन-चारशे वर्षं आधीच्या. ज्याला ‘अ‍ॅगमेम्नॉनचा मुखवटा’ म्हणतात तो दुसऱ्याच कुणा राजाचा चेहरा. पॉसेनियसच्या काळात तर हे वर्तुळ मातीखाली गाडलेलं होतं. गावकऱ्यांनी त्याला जे दाखवलं ते बहुधा भलतंच काही असणार. थोडक्यात, कुणा अनामिक गाईडने पॉसेनियसला एक दंतकथा सांगितली, त्याने ती लिहिली, सतराशे वर्षांनी एका हट्टी माणसाने ती अक्षरशः खरी मानली आणि खाली खरोखरच सोनं निघालं. हे कळल्यापासून गाईडच्या गोष्टींवर नाक मुरडणं मी सोडून दिलं आहे.

लेखी पुरावा विचाराल तर तोही आहे. इथे मातीच्या पाट्या सापडल्या, आणि 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने त्यांवरची लिपी उलगडली. भाषा ग्रीकच निघाली. मजकूर तेल, लोकर आणि मसाल्यांच्या नोंदींचा; कारकुनांचा जमाखर्च. अ‍ॅगमेम्नॉनचा त्यात पत्ता नाही.

कोटाबाहेर थोड्या अंतरावरची ‘एट्रिअसची तिजोरी’ हेही त्या मुखवट्यासारखंच भलतं नाव. एट्रिअस हा अ‍ॅगमेम्नॉनचा बाप. पण ही तिजोरी नाही, टेकडीच्या पोटात बांधलेली राजघराण्याची कबर आहे. दोन्ही बाजूंना चिरेबंदी भिंती असलेल्या 36 मीटरच्या वाटेने आत जायचं. दारावरच्या आतल्या शिळेचं वजन 120 टनांच्या घरात धरतात. आत मधाच्या पोळ्याच्या आकाराचा घुमट, उंची साडेतेरा मीटर. चुना नाही, कमान नाही. दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित पुढे काढत वर मिटवून घेतला आहे. आपल्या हेमाडपंती देवळांची छतंही याच तत्त्वावर तोललेली असतात. हे बांधकाम त्यांच्या अडीच हजार वर्षं आधीचं. बऱ्याच सहली या कबरीला दहा मिनिटं देतात. ते चुकीचं आहे. मायसीनीत वेळ कमी पडला तर संग्रहालयातला कमी करावा, इथला नाही.

नाफ्प्लियोत जेवण. स्वतंत्र ग्रीसची ही पहिली राजधानी, 1834 पर्यंत. पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याला 1831 मध्ये इथल्याच सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारात गोळी घातली. तिची खूण काचेखाली जपली आहे. वर व्हेनिसवाल्यांचा पालामिदी किल्ला, त्याच्या पायऱ्या म्हणे 999. मोजायला सहलीत वेळ नसतो आणि दुपारच्या उन्हात हौसही नसते. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये: टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे, तेल-लिंबू घातलेली उकडलेली पालेभाजी, पालकाची पाई हे कुठेही मिळतं.

एपिडॉरसला लोक नाट्यगृह बघायला जातात, पण हे मुळात इस्पितळ होतं, किंवा तीर्थक्षेत्र म्हणा. एस्क्लेपियस हा वैद्यकाचा देव. रोगी आंघोळ करून, नैवेद्य दाखवून एका लांब ओसरीत झोपत. स्वप्नात देव येई आणि बरं करी किंवा उपचार सांगे. बरं झालेल्यांच्या हकिकती शिळांवर कोरून लावल्या होत्या. आपल्या वेळी अशा सहा शिळा शिल्लक आहेत, असं पॉसेनियस लिहितो, आणि 1881 पासून पानायिस कावादियास यांनी उत्खनन सुरू केल्यावर त्यांतल्या काही खरोखर हाती लागल्या. त्या इथल्या संग्रहालयात आहेत. त्यांत अथेन्सची अँब्रोसिया आहे, एका डोळ्याने आंधळी. आवारात फिरताना ती बाकीच्यांच्या हकिकतींना हसली: लंगडे, आंधळे नुसत्या स्वप्नाने कसे बरे होतील? रात्री देव आला आणि म्हणाला, डोळा बरा करतो, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं. सकाळी डोळा बरा. ही जाहिरातच होती हे उघड आहे, पण जाहिरात लिहिणाऱ्याला विनोदबुद्धी होती.

नाट्यगृह ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीचं. खाली 34 ओळी, वर पुढे वाढवलेल्या 21. तेरा-चौदा हजार माणसं बसतील एवढं. पॉसेनियस एरवी भाव चढवून सांगणारा नाही, पण इथे त्याने साफ लिहिलं की रोमनांची नाट्यगृहं नटवी असतील, दुसरी एखादी मोठी असेल, प्रमाणबद्धतेत मात्र याच्या तोडीचं काही नाही. गाईड मध्यभागी उभं राहून नाणं टाकतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू येतं म्हणून सांगतो. 2017 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी मोजमाप केलं तेव्हा नाण्याचा आवाज सगळीकडे पोचत असला तरी तो नाण्याचा आहे हे साधारण अर्ध्या उंचीपर्यंतच ओळखू येतं, आणि कुजबूज तर पुढच्या लोकांनाच कळते, असं दिसलं. खड्या आवाजात बोललेलं मात्र शेवटपर्यंत नीट पोचतं. नटाला तेवढंच हवं असतं. वर चढून बसावं आणि खालच्या अनोळखी टोळक्याची बडबड ऐकावी. नाण्यापेक्षा ती जास्त पटते.

आधुनिक काळातला इथला पहिला प्रयोग 1938 मध्ये झाला, सोफोक्लिसच्या ‘इलेक्ट्रा’चा. इलेक्ट्रा ही अ‍ॅगमेम्नॉनचीच मुलगी. नाटकाच्या आरंभी म्हातारा सेवक परतलेल्या ओरेस्टिसला हात करून दाखवतो: हे आर्गोस, हे हेराचं देऊळ, आणि ही सोन्याने भरलेली मायसीनी. म्हणजे इथेही आधी गाईडच बोलतो. 1955 पासून दर उन्हाळ्यात इथे नाट्यमहोत्सव भरतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एक प्रयोग गाठावा, भाषा कळली नाही तरी.

आता कामाचं. मायसीनीत सावली जवळपास नाही आणि झिजलेला दगड पायाखाली निसटतो. बूट पकडीचे हवेत. हिवाळ्यात स्थळं दुपारीच बंद होतात, त्यामुळे क्रम उलटा असलेली सहल घेतली तर शेवटचं ठिकाण धावत बघावं लागतं. आणि मायसीनीचं खरं सोनं तिथे नाही, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, जागेवर प्रतिकृती. बहुतेक जण ते संग्रहालय सहलीनंतर, उरलेल्या अर्ध्या दिवसात उरकतात. ते आदल्या दिवशी बघावं. कबरींचं वर्तुळ म्हणजे शेवटी रिकामे खड्डेच आहेत, आणि त्यांत काय होतं हे डोळ्यांखालून गेलेलं नसेल तर तिथे पाच मिनिटंही थांबवत नाही.