दोन अक्षरांवर अडलेलं यंत्र

२०२५ च्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या इमारतीच्या जिन्याखाली चार सीपीयू येऊन पडले. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा पाठिंबा संपला होता आणि घरोघरी कुणा ना कुणा जाणत्याने सांगून टाकलं होतं की आता हे चालणार नाही, नवीन घ्या. भंगारवाल्याने ते हातगाडीवर चढवले तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्यांतल्या एकाची रॅम पाच वर्षांपूर्वी मीच वाढवून दिली होती. चारांतलं एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी माळ्यावरून माझं स्वतःचं जुनं यंत्र खाली काढलं. २००३ सालचं, लॅमिंग्टन रोडवर एकेक भाग निवडून जोडून घेतलेलं. पेन्टियम ४, २.४ गिगाहर्ट्झ, ४० जीबीची हार्ड डिस्क, मागाहून १ जीबीपर्यंत वाढवलेली रॅम. धूळ झाडली, पंख्यात तेलाचा थेंब सोडला, लिनक्सच्या एका वितरणाची ताजी प्रत डीव्हीडीवर घेतली आणि बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं की या कर्नलला ६४ बिटचा प्रोसेसर लागतो, इथे आय६८६ सापडला आहे, बूट करता येत नाही. प्रोसेसरला साजेसा कर्नल वापरा.

संदेश खरा होता. मला लागलं ते त्यानंतरचं. साजेसा कर्नल शोधायला निघालो तर एकेक दार बंद होत गेलेलं दिसलं. आर्च लिनक्सने ३२ बिटची साथ २०१७ मध्ये सोडली, फेडोरा आणि उबुंटूने २०१९ मध्ये. उरलं होतं डेबियन. कुणालाच नको असलेलं यंत्र डेबियनकडे न्यावं, असं आम्ही लिनक्सवाले वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, आणि त्यात ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी ना कर्नल होता ना इन्स्टॉलर. पुढे नोव्हेंबरात फायरफॉक्सनेही ३२ बिट लिनक्सचा निरोप घेतला. त्या संध्याकाळी मी त्या काळ्या पडद्यासमोर बराच वेळ बसून होतो, एकटाच. फसलेल्या इन्स्टॉलेशनसमोर मी क्वचितच एकटा बसलो होतो, आणि जुनी फसलेली इन्स्टॉलेशनं आठवू लागली.

नव्वदच्या दशकाबद्दल माझ्यापाशी सांगण्यासारखं फारसं नाही. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस तोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीहून आपल्या छंदाच्या कामाची पहिली खबर दिली तेव्हा मी शाळेत होतो. २०११ नंतरची वर्षंही मी भराभर ओलांडतो. पेन ड्राइव्ह लावला, ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत गेलो, अर्ध्या तासात काम झालं. त्यातलं एकही इन्स्टॉलेशन मला आज आठवत नाही. जी आठवतात ती २००१ ते २०१० या वर्षांतली, आणि ती सगळी आधी फसलेली.

पहिलं फसलं ते डोंबिवलीत, मित्राच्या घरी. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर तेव्हा लिनक्सच्या सीडी यायच्या. २० जीबीच्या डिस्कवर पहिला मोठा भाग विंडोजला ठेवून आम्ही शेवटच्या तुकड्यात लिनक्स बसवलं. तासभर सीडी फिरली. यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘एल’ आणि ‘आय’ ही दोन इंग्रजी अक्षरं उमटून सगळं थांबलं. मित्राच्या वडिलांचं कार्यालयीन काम विंडोजमध्ये होतं, आणि आता विंडोजही दिसत नव्हतं. घरात त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

खालच्या मजल्यावरचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. आवाज ऐकून वर आले, पडदा बघितला आणि विचारलं, “तो एरवी काय लिहितो?”

“काका, पूर्ण लिलो लिहून येतं. चार अक्षरं.”

“मग दोनवर थांबला म्हणजे दोन टप्पे झाले की रे. एक्स्चेंजपासून पिलर, पिलरपासून डीपी, डीपीपासून घर. लाइन कुठे तुटली ते शोध. सगळी तार कशाला उपटतोस?”

काका नेमकं बोलले होते. लिलो हा तेव्हाचा बूट लोडर. एकेक पायरी पार पडली की तो आपल्या नावाचं एकेक अक्षर लिहायचा. ‘एल’ दिसलं म्हणजे पहिला टप्पा चढला. ‘आय’ दिसलं म्हणजे दुसरा टप्पा सापडला. पण तिथेच थांबला तर तो सुरू होऊ शकलेला नाही. त्याचं नेहमीचं कारण असं की डिस्कची मापं बायोस एक धरतो आणि लिनक्स दुसरीच. जुन्या बायोसला १०२४ सिलिंडरांच्या पलीकडे बघताच येत नसे, म्हणजे साधारण ८.४ जीबीनंतरची डिस्क त्याच्या लेखी नव्हतीच. आमचा कर्नल होता अठराव्या जीबीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी डिस्कच्या अगदी सुरुवातीला लहानसं बूट पार्टिशन काढलं, लिलो पुन्हा लिहिला, आणि चारही अक्षरं आली. विंडोजही जागेवर होतं. पुढे लिलोमधला एलबीए३२ हा पर्याय रूढ झाला आणि ही अडचण संपली, पण काकांचा प्रश्न मी आजही प्रत्येक यंत्राला आधी विचारतो: कुठवर आलास?

त्यानंतर आमचे रविवार ठरून गेले. कुणाच्या तरी घरी, नाहीतर एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत इन्स्टॉल फेस्ट भरायचा. लोक चादरीत गुंडाळलेले सीपीयू लोकलच्या मालडब्यातून घेऊन यायचे. दुरुस्तीची हत्यारं म्हणजे स्क्रूड्रायव्हर, खोडरबर आणि चिमटा. खोडरबर रॅमच्या सोनेरी पट्टीवर घासायला. पॅकेज उतरताना दर वेळी वेगळ्याच जागी इन्स्टॉलर मोडू लागला, सिग्नल ११ दिसू लागला, की संशय आधी रॅमवर घ्यायचा आणि रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवायचा. चिमटा हार्ड डिस्कच्या जंपरसाठी. एकाच रिबन केबलवर दोन ‘मास्टर’ बसले की बायोसला दोन्ही दिसेनाशा होत. आणि सीडी. निम्मी इन्स्टॉलेशनं सीडीमुळे फसत. बावन्न एक्सच्या वेगाने घाईत लिहिलेली सीडी जुन्या ड्राइव्हला वाचता यायची नाही. आम्ही आठ एक्सवर लिहायचो, लिहून झाल्यावर एमडी५ची बेरीज ताडून बघायचो, आणि मगच ती दुसऱ्याच्या हातात द्यायचो.

वीज जायची ते वेगळंच. २००५ ते २००८ या काळात आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असे आणि इन्स्टॉलेशन त्या दोन वेळांच्या मधल्या फटीत बसवावं लागे. घरची बाईमाणसं मिक्सर आणि पंप उरकून घेत, आणि आम्ही पार्टिशन.

या काळातले काही हिशोब माझ्या मनात अजून उघडे आहेत. पहिला मोडेमचा. दुकानात पेटीवर फक्त वेग लिहिलेला असायचा. आत निघायचा तो अर्धा मोडेम. उरलेलं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलणारा, आणि ते करवून घेणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं. हे पेटीवर कुठेही छापलेलं नसे. लिनक्सवर तो मुका राहायचा आणि दोष लिनक्सच्या माथी यायचा. शेकडो लोकांनी ‘लिनक्सवर इंटरनेट चालत नाही’ म्हणून पाठ फिरवली ती या न छापलेल्या एका ओळीपायी, असं माझं आजही ठाम मत आहे.

दुसरा हिशोब घरी येणाऱ्या हार्डवेअर इंजिनिअरांचा. काही झालं की फॉरमॅट मारायचा. बूट लोडर हरवला, मारा फॉरमॅट. एका शेजाऱ्यांचे मुलीच्या बारशाचे फोटो असे गेले. पार्टिशनांची मुख्य नोंद तेव्हा ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरात असे, ती परत लिहिता आली असती आणि फोटो जसेच्या तसे मिळाले असते. बघायला कुणी थांबलंच नाही.

तिसरा आमच्यातल्याच तज्ज्ञांचा, आणि हा मला सर्वांत जास्त टोचतो. कुणी नवखा विचारायला आला की उत्तर ठरलेलं: मॅन्युअल वाच. अशाच एका रविवारी कॉलेजातली एक मुलगी कर्नल पॅनिकचा संदेश वहीत ओळ न ओळ उतरवून घेऊन आली होती. रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही, एवढंच दुखणं होतं. बूट लोडरमध्ये पार्टिशनचा एक आकडा बदलायचा होता. तिला तेच उत्तर मिळालं. तिने वही मिटली आणि ती पुन्हा आली नाही. मी समोर बसलो होतो आणि बोललो नाही. इतक्या नीट उतरवून आणलेली चूक आमच्यातल्या कुणीही कधी आणली नव्हती.

मात्र त्याच दशकाने जे दिलं ते नंतर कुणी दिलं नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं आणि मागेल त्याला टपालाने सीडी पाठवू लागलं, एक पैसा न घेता. कागदी वेष्टनातल्या त्या सीडी डोंबिवलीच्या दारात येऊन पडायच्या. एप्रिल २०११ मध्ये ती योजना बंद झाली. लोहित हे मुक्त फॉन्ट २००४ चे. त्याआधी लिनक्सवर मराठी उघडायचं तर अक्षरं सुटी पडायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या. सरळ मराठी वाक्य पडद्यावर दिसायला लागलं तरी ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चा रफार व्हायचा आणि ‘दुसर्या’ असं काहीतरी उमटायचं. हिंदीत हे रूप लागत नाही, म्हणून ते मराठी माणसांनाच सांगत बसावं लागलं, आणि लोकांनी ते नेटाने सांगितलं. भाषांतर करणाऱ्यांनी इन्स्टॉलेशनला ‘प्रतिष्ठापन’ म्हटलं तेव्हा पुष्कळांना तो शब्द जड वाटला होता. मला तो तेव्हाही आवडला. ज्याची प्रतिष्ठापना करायची त्याची जागा आधी स्वच्छ करायची असते, आणि चार माणसं बोलवायची असतात.

उतरती कळा मला २०१० मध्ये दिसली. आता माळ्यावरून काढलेल्या याच यंत्रावर तेव्हा लिनक्सची नवी आवृत्ती टाकली आणि पडदा काळा पडला. संदेश नाही, अक्षर नाही. बोर्डावरच्या जुन्या ग्राफिक्स चिपला कर्नलची नवी मांडणी झेपत नव्हती. बूट होताना ‘नोमोडसेट’ हा एक शब्द जोडला की चित्र येत होतं. पण तो शब्द सापडायला मला दोन आठवडे लागले, कारण तोवर रविवार थांबले होते. लोक नोकऱ्यांना लागले, लॅपटॉप आले, आणि लॅपटॉप चादरीत गुंडाळून कुणाकडे न्यायची गरज उरली नाही.

३२ बिट का बंद झालं हे मला कळतं. ज्या ३८६ यंत्रावर लिनक्स जन्मलं, त्या ३८६ला कर्नलनेच २०१३ मधल्या ३.८ आवृत्तीत निरोप दिला होता. जुन्या यंत्रांवर तपासून बघणारी माणसं उरली नाहीत. ३२ बिटच्या घड्याळातले सेकंद १९ जानेवारी २०३८ ला संपणार आहेत, त्याची डागडुजीही अवघड आहे. राबणारे हात थोडे, तेही बरेचसे बिनपगारी. त्यांच्यावर माझा राग नाही. माझी तक्रार आम्हा वापरणाऱ्यांबद्दल आहे. तपासून बघणारी माणसं उरली नाहीत म्हणजे आम्ही उरलो नाही.

त्या दिवाळीत मी दुसरी डीव्हीडी लिहिली, १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ ची. तिच्यात ३२ बिटचा इन्स्टॉलर आहे. पहिल्या प्रयत्नात ती निम्म्यावर वाचायची थांबली. कमीत कमी वेगाने पुन्हा लिहिली. पडदा काळा पडला, ‘नोमोडसेट’ जोडलं. इन्स्टॉलेशन संपलं, पण अपडेट घ्यायला गेलो तर उत्तर आलं की पॅकेजांची यादी अजून वैधच झालेली नाही. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. कुठवर आलास, असं विचारत मागे मागे गेलो, तेव्हा घड्याळ सापडलं. मदरबोर्डावरचा सेल मेला होता आणि यंत्राच्या मते आजचा दिवस उजाडलेलाच नव्हता. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून सीआर२०३२ आणला, तारीख लावली, आणि सगळं खाली उतरलं. यंत्र आता टेबलावर आहे. त्यावर नव्या वेबसाइटी चालत नाहीत. लिहिणं, छापणं आणि जुन्या फ्लॉपी वाचणं उत्तम चालतं.

तुमच्याही जिन्याखाली असा सीपीयू असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढं करा. लिनक्सच्या कुठल्याही जुन्या ३२ बिट लाइव्ह सीडीवरून तो सुरू करा आणि प्रॉक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो या फाइलीत ‘फ्लॅग्ज’ची ओळ बघा. तिथे ‘एल’ आणि ‘एम’ ही दोन अक्षरं जोडून दिसली तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे आणि आजचं डेबियन १३ त्यासाठी आहे. विंडोज १० वरून उतरवलेली बहुतेक यंत्रं अशीच निघतील. ती अक्षरं नसतील तर डेबियन १२ ची ३२ बिटची प्रत आजच उतरवून ठेवा, आणि तिची एक डीव्हीडी शेजाऱ्यालाही द्या.