पोटातून चढणारी भांग

होळीच्या दिवशी वाराणसीत भांगमिश्रित थंडाईचा पेला घेणाऱ्या मनुष्यास प्रथम काहीच जाणवत नाही. अर्धा तास लोटतो, कधी तासही लोटतो. पेल्यात भांग नसावीच असे समजून तो दुसरा पेला मागवितो. आणि तो रिकामा होतो न होतो, तोच पहिला चढू लागतो. दुसऱ्याचा अंमल तर अजून यावयाचाच असतो. हा विलंब का होतो, हे समजले म्हणजे खाण्यापिण्यातून घेतलेल्या भांगेचा धोकाही समजतो.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे होत. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. तिन्हींतील मुख्य मादक द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे होय. त्याची रचना इस्रायलमधील राफाएल मेशूलम व येहिएल गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ साली उलगडली. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. स्निग्ध पदार्थात मात्र सहज विरघळते. आपल्याकडील माजूम तुपात का करीत, याचे उत्तर येथे मिळते. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ साली आपल्या निबंधात या मिठाईची कृती नोंदविली होती.

गांजाचा धूर फुप्फुसांतून रक्तात व तेथून काही मिनिटांतच मेंदूत पोहोचतो. पोटात गेलेल्या द्रव्याचा मार्ग लांबचा आहे. आतड्यातून शोषले जाऊन ते प्रथम यकृतात जाते. तेथे त्याच्या काही भागाचे ११-हायड्रॉक्सी या रूपात परिवर्तन होते. आणि हे रूपही मादकच असते. परिणाम सुरू होण्यास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, तो पुढे कित्येक तास टिकतो. पोट रिकामे की भरलेले, यावरही हा वेळ बदलतो. शिवाय घरी केलेल्या मिठाईच्या एका वडीत द्रव्य अधिक, तर दुसरीत कमी असू शकते.

अलीकडे काही देशांत कॉफी, चॉकलेट व बिस्किटे यांतूनही हे द्रव्य विकले जाते. कॉफीतील कॅफीन पाण्यात विरघळणारे असून त्याचा परिणाम लवकर होतो. म्हणून प्रथम येते ती कॉफीची तरतरी; नशा मागाहून येते. तरतरी वाटते म्हणजे आपण सावध आहोत, असे समजून वाहन चालविणे घातक ठरेल. कॅफीन हा भांगेवरचा उतारा नव्हे. कॅनडाने २०१९ साली असे खाद्यपदार्थ विक्रीस खुले केले, तेव्हा एका वेष्टनात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मादक द्रव्य असू नये, असा निर्बंध घातला.

मेंदूवर हा परिणाम कसा होतो? मेंदूतील पेशींवर या द्रव्याला धरून ठेवणारे ग्राही असतात, असे १९८८ साली दिसून आले. शरीर स्वतःच निर्माण करीत असलेले व त्याच ग्राहींना जुळणारे एक द्रव्य १९९२ साली सापडले. संस्कृतमधील ‘आनंद’ या शब्दावरून त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव मिळाले. स्मरण, भूक, वेदना आणि हालचालींचा तोल यांच्या नियमनात या यंत्रणेचा वाटा असतो. बाहेरून आलेले द्रव्य तिच्यात ढवळाढवळ करते; म्हणूनच काळाचे भान सुटते, नाडी जलद चालते, कधी भीतीने मन ग्रासते. वाढत्या वयातील मेंदूस ही ढवळाढवळ विशेष बाधक ठरू शकते.

भारतात १९८५ च्या अधिनियमाने गांजा व चरस यांवर कडक निर्बंध आहेत. फुलोऱ्यावेगळी पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. त्यांविषयी राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत.

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना आहे. त्यांना मिठाई ती मिठाईच दिसते, आणि थोडे द्रव्यही त्यांच्या लहान शरीरास फार होते. मूल गुंगीत जाऊ लागले, त्याचा तोल जाऊ लागला किंवा श्वास मंदावला, तर चिंच-लिंबाचे उतारे देण्यात वेळ घालवू नये. त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांस न लपविता सांगावे. मुलाने असे काही खाल्ल्याचे कळले, तर लक्षणांची वाटही पाहू नये. कारण ती उशिरा येतात.