कडेचे चेहरे – ७ : क्लेमेंझाचं स्वयंपाकघर

लग्नाच्या मांडवात एक जाडजूड माणूस नाचतोय. शर्ट घामाने अंगाला चिकटलाय, धाप लागलीय, पण पाय थांबायला तयार नाहीत. नाच थांबल्यावर तो पॉली नावाच्या तरुणाला हाक मारून वाइन मागवतो आणि घटाघटा पितो. पॉली त्याच्या नाचाचं कौतुक करतो, तर हा त्यालाच झापतो: तू काय नाचाच्या स्पर्धेचा परीक्षक आहेस? जा, आसपास एक चक्कर मार, आपलं काम बघ.

‘द गॉडफादर’ (१९७२) पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग लग्नातली मौज म्हणून डोळ्यांखालून निघून जातो. माझ्याही डोळ्यांखालून तसाच गेला. पुन्हा पाहताना मात्र अंगावर काटा आला. ज्या पॉलीने वाइन आणून दिली, त्याला संपवण्याची कामगिरी हाच माणूस पार पाडणार आहे. आणि ज्या लग्नात तो नाचतोय, त्यातल्या नवरदेवाचा, कार्लोचा, गळा शेवटी गाडीच्या मागच्या सीटवरून आवळणार आहे तोही हाच.

पीटर क्लेमेंझा. डॉन कॉर्लिओनीच्या हाताखालच्या दोन सरदारांपैकी एक. भूमिका करणारा नट रिचर्ड कॅस्टेलानो.

गेल्या आठवड्यात आपण फ्रेडो झालेल्या जॉन कझालबद्दल बोललो. कझालला उशिरा का होईना, न्याय मिळाला. त्याच्यावर माहितीपट निघाला, त्याच्या मोजक्या पाचही चित्रपटांचं गुणगान झालं. कॅस्टेलानोच्या वाट्याला एक वाक्य आलं. बंदूक तिथेच टाक आणि कॅनोली घे, या अर्थाचं ते वाक्य जगभर टीशर्टांवर छापलं गेलं आणि त्यामागचा नट विस्मरणात गेला. माझ्या मते ‘गॉडफादर’मधलं सर्वांत कमी वाखाणलं गेलेलं मोठं काम त्याचं आहे.

ते वाक्य ज्या प्रसंगात येतं तो आधी नीट पाहू. सकाळची वेळ. क्लेमेंझा घराबाहेर पडतोय. दारातून बायको आठवण करून देते, येताना कॅनोली विसरू नका. (कॅनोली म्हणजे आपल्या करंजीच्या पारीसारखी खुसखुशीत तळलेली नळी, आत गोड केलेलं रिकोटा चीज.) बायकोच्या भूमिकेत आहे आर्डेल शेरिडन, वास्तवातही कॅस्टेलानोची जोडीदार. पॉली गाडी चालवणार, क्लेमेंझाचा दुसरा माणूस रोक्को मागे बसलेला. गाडी मागे घेताना क्लेमेंझा पॉलीला बजावतो, पोरं असतील, सांभाळून घे. ज्याला आज मारायचं ठरलंय त्याला तो गल्लीतल्या पोरांची काळजी घ्यायला सांगतोय. वाटेत टोळीयुद्धासाठी भाड्याच्या खोल्यांवर लागणाऱ्या गाद्यांची गोष्ट निघते. गाद्या स्वच्छ हव्यात, हा त्याचा आग्रह. घरात कार्य निघालं की एखादे काका जसे सतरंज्या आणि आचाऱ्याच्या हिशेबात बुडून जातात, तसा हा युद्धाच्या तयारीत बुडालाय.

मग लघवीला जायचंय म्हणून तो गाडी थांबवायला लावतो. उंच गवताचं मोकळं रान, दूरवर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. क्लेमेंझा गाडीकडे पाठ करून उभा. मागून गोळ्यांचे आवाज येतात. तो दचकत नाही, वळून बघत नाही. सावकाश पॅंट नीट करतो, परत येतो आणि रोक्कोला ते वाक्य सांगतो.

इथे कॅस्टेलानोचं मोठेपण आवाजात आहे. दुसऱ्या एखाद्या नटाने हे वाक्य क्रूरपणे तरी म्हटलं असतं किंवा टाळी घेण्यासाठी. कॅस्टेलानो ते भाजी आणायला निघालेल्या माणसासारखं म्हणतो. पटकथेत फक्त बंदूक टाकून देण्याची सूचना होती आणि कॅनोलीची भर त्याने स्वतः घातली, असं सांगितलं जातं. बायकोने सकाळी सांगितलेली गोष्ट नवऱ्याच्या ध्यानात राहिली, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. आपण हादरतो ते या ‘एवढाच’मुळे. पॉलीला मारणं हे त्याच्या दिवसभराच्या यादीतलं एक काम होतं, कॅनोली हे दुसरं.

पुढच्याच प्रसंगात तो स्वयंपाकघरात आहे. डॉनचा धाकटा मुलगा मायकेल याला त्याची प्रेयसी के हिचा फोन आलाय आणि भोवती माणसं असल्यामुळे त्याच्या तोंडून ‘प्रेम आहे’ हे शब्द निघत नाहीत. क्लेमेंझा त्याला ‘मायकी’ म्हणून चिडवतो आणि जवळ बोलावतो: ये, शिकून घे, कधी वीस जणांसाठी रांधायची वेळ आली तर? मग तेल, लसूण, टोमॅटो, टोमॅटोची पेस्ट. खाली लागू द्यायचं नाही. सॉसेज आणि मीटबॉल. थोडी वाइन, चिमूटभर साखर. तेवढ्यात मायकेलचा थोरला भाऊ सनी येतो आणि पॉलीचं काय झालं ते विचारतो. क्लेमेंझा पातेल्यापाशी उभा राहूनच उत्तर देतो की पॉली आता पुन्हा दिसणार नाही.

या पाककृतीची एक हकिगत दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलाने सांगितली आहे. त्याने पटकथेत सॉसेज लालसर परतून घेण्याबद्दल लिहिलं होतं. मूळ कादंबरीकार मारिओ पुझोने ते खोडून शेरा मारला की गुंड परतत नाहीत, तळतात. नट जे करतो त्याची सुरुवात अशा शब्दापासून होते. कॅस्टेलानोच्या हातांना ही ‘तळण्याची’ भाषा येत होती. पातेल्याशी त्याचे हात ज्या सहजतेने वावरतात, त्यावरून हा माणूस रोज रांधतो यावर आपला विश्वास बसतो. आणि एकदा तो बसला की हा माणूस रोज मारतो यावरही बसतो.

म्हणून क्लेमेंझाला ‘विनोदी जाड्या’ म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. चित्रपटाची मध्यवर्ती गोष्ट मायकेलच्या बदलण्याची आहे: युद्धवीर, शिकलेला, धंद्यापासून दूर राहिलेला मुलगा डॉन कसा होतो. त्याला धंदा शिकवतं कोण? बाप नाही, सनी नाही, वकील टॉम हेगनही नाही. शिकवतो क्लेमेंझा. आधी सॉस, मग पिस्तूल. मायकेल बापाच्या शत्रूंवर गोळ्या झाडायला जाणार आहे. त्याआधी तळघरातल्या शिकवणीत तो पिस्तुलाच्या मुठीवर आणि घोड्यावर चिकटपट्टी लावून देतो. आवाज मुद्दाम मोठा ठेवलाय, बघ्यांनी पळून जावं म्हणून. काम झालं की हात खाली सोड आणि पिस्तूल पडू दे, लोकांना ते तुझ्या हातातच आहे असं वाटत राहील. भराभर चाल, पण धावू नको. कोणाच्या डोळ्यांत रोखून बघू नको, नजर चुकवूही नको. मायकेल विचारतो, हे युद्ध किती भडकेल? क्लेमेंझाच्या लेखी दर पाच-दहा वर्षांनी असं व्हावंच लागतं, साचलेलं वाईट रक्त निघून जातं. दिवाळीआधी माळा झाडावा, तसं.

आता एक तपशील पाहा. त्या तळघरातला गुरू वाटतो पन्नाशीचा. कॅस्टेलानोचा जन्म १९३३चा. १९७१ साली चित्रीकरण झालं तेव्हा तो ३७ वर्षांचा होता, मायकेल झालेल्या अल पचिनोपेक्षा जेमतेम सात वर्षांनी मोठा. देहाची ढब, जड श्वास, खुर्चीत बसण्याची तऱ्हा यांतून त्याने ते वय उभं केलं. चरित्र-अभिनय शिकणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी हे काम पुन्हा पाहावं.

तो नवखाही नव्हता. ‘लव्हर्स अँड अदर स्ट्रेंजर्स’ या नाटकातल्या कामासाठी त्याला टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं आणि त्यावरच्या १९७०च्या चित्रपटासाठी ऑस्करचं. ‘गॉडफादर’च्या वर्षी मात्र सहायक अभिनेत्याच्या पाच नामांकनांपैकी तीन याच चित्रपटाला मिळाली, पचिनो, जेम्स कान आणि रॉबर्ट ड्युवॉल यांना. क्लेमेंझा बाहेर राहिला.

आणि मग ‘गॉडफादर २’ (१९७४). कॅस्टेलानो त्यात नाही. कपोलाच्या म्हणण्यानुसार त्याला आपले संवाद आपल्या माणसाकडून लिहून हवे होते. शेरिडनने हे नाकारलं. खरं-खोटं करण्यात मला रस नाही, पडद्यावर काय झालं ते महत्त्वाचं. क्लेमेंझा हृदयविकाराने गेला असं सांगण्यात आलं आणि त्याच्या जागी फ्रँक पेंटांजली हे नवं पात्र आलं. तसाच जुना, रांगडा, आपल्या निष्ठा मिरवणारा सरदार. मायकल गॅझोने ते झकास रंगवलं आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. त्याच चित्रपटात तरुण क्लेमेंझा होऊन ब्रूनो कर्बी आला. मायकेलच्या बापाला, तरुण व्हिटोला, गुन्ह्याच्या वाटेवर ओढणारा, चोरीचा गालिचा उचलायला लावणारा तोच. म्हणजे बापालाही धंद्यात क्लेमेंझानेच आणलं आणि मुलालाही. एका नटाच्या गैरहजेरीची जागा भरायला दोन नट लागले.

कॅस्टेलानोला नंतर या तोलाची भूमिका मिळाली नाही. दूरचित्रवाणीवर दोन मालिका झाल्या, पण चालल्या नाहीत. १९८८च्या डिसेंबरात, ५५व्या वर्षी, तो हृदयविकाराने गेला.

हिंदीतल्या ‘धर्मात्मा’ने आणि ‘सरकार’नेही ‘गॉडफादर’मधली बाप-लेकांची गोष्ट उचलली. ती गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पण पुढच्या वेळी मूळ चित्रपट लावाल तेव्हा तिच्या कडेला उभ्या असलेल्या या माणसावर नजर ठेवा. मांडवात, गाडीत, पातेल्यापाशी, तळघरात. आणि अगदी शेवटी, केच्या तोंडावर दार बंद होण्याआधी, मायकेलचा हात हातात घेऊन त्यावर ओठ टेकवणारा माणूस पाहा. तो क्लेमेंझा आहे. स्वयंपाकघरात तो ज्याला ‘मायकी’ म्हणत होता, त्याला आता ‘डॉन कॉर्लिओनी’ म्हणतो.

(पुढच्या आठवड्यात : दुसरा सरदार, टेसिओ झालेला एब विगोडा)