गर्भाशयमुखाचा कर्करोग : तपासणी लक्षणांच्या आधी

डाळिंबावर तेल्या पसरेपर्यंत आपण थांबत नाही, बाग आधीच पाहतो. घरातील स्त्रिया मात्र आपले दुखणे अंगावर काढतात.

बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींमध्ये टिकून राहतो व साधारण १५-२० वर्षांनी कर्करोग होतो. एवढा अवधी हाती असतो, पण त्या काळात काहीच दुखत नाही. म्हणून तिशीनंतर सरकारी दवाखान्यात तपासणीची चौकशी करावी. सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयाचे तोंड पाहतात. दोष असलेला भाग पांढरा दिसतो. पांढरा डाग म्हणजे कर्करोगच असे नव्हे. पुढील तपासणी करून तो भाग वेळीच काढता येतो.

९ ते १४ वर्षांच्या मुलींना लस द्यावी. पुढे तपासणी तरीही लागतेच. (मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, तिने तोंडाचा कर्करोग होतो.)

पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेल्यास ज्वारीची काढणी उरकण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.