चालत्या डेटा सेंटरची दुरुस्ती

26 सप्टेंबर 2025 रोजी संध्याकाळी दक्षिण कोरियातील देजॉन शहरी, सरकारी डेटा सेंटरच्या पाचव्या मजल्यावर, जुन्या लिथियम-आयन बॅटऱ्या सुट्या करून तळघरात हलविण्याचे काम चालू असता त्यांतील एकीने पेट घेतला. 384 बॅटऱ्या जळाल्या, आग पुरती विझावयास सुमारे 22 तास लागले, आणि टपाल खात्याच्या बँकेपासून मोबाइलवरील ओळखपत्रापर्यंत देशाचा कारभार ठप्प झाला. बंद पडलेल्या प्रणाली 647 असल्याचे प्रथम जाहीर झाले, पुढे तोच आकडा 709 झाला. कारण केंद्रात काय काय चालते याची जंत्री ज्या प्रणालीत ठेवलेली होती, तीही त्याच इमारतीत बंद पडली होती.

या बॅटऱ्या 2014 साली बसविलेल्या, म्हणजे त्यांच्या हमीची 10 वर्षांची मुदत उलटून गेलेली. हलविण्याचा निर्णय मात्र शहाणपणाचाच होता. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच देशात पांग्यो येथील एका खाजगी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांच्याच खोलीत आग लागून काकाओ ही घरोघरची संदेशसेवा बंद पडली होती, आणि तेव्हापासून सर्व्हर व बॅटऱ्या यांचा शेजार मोडावा असा विचार बळावला होता. जो धोका टाळावयाचा तो टाळण्याच्या खटपटीतच उद्भवला.

सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर डेटा सेंटर म्हटले की लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या संगणकांची रांग येते. परंतु त्या इमारतीचा खरा संसार वीज आणि थंडावा या दोन गोष्टींवर चालतो. बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनरेटर सुरू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातात, आणि तेवढ्या अवधीत सर्व्हरना सांभाळण्यासाठी यूपीएस या अखंड वीज पुरविणाऱ्या यंत्रणेच्या बॅटऱ्या अहोरात्र भरून ठेवाव्या लागतात. उष्णतेने त्या लवकर म्हाताऱ्या होतात, आणि बाहेरून पाहता धडधाकट दिसणारी बॅटरी नेमकी गरजेच्या क्षणी दगा देते. थंडाव्याची कथाही अशीच आहे. अनेक जुन्या केंद्रांत फरशी उंचावून तिच्याखालून गार हवा खेळविलेली असते; तिथली एखादी लादी उचलून पाहिली, तर वर्षानुवर्षे कोणी न काढलेल्या, चिठ्ठ्या गळून पडलेल्या मृत केबलींचे जाळे हवेची वाट अडवून बसलेले आढळते, आणि त्यांतली कोणती मृत व कोणती जिवंत हे खात्रीने सांगणारा मनुष्य बहुधा केव्हाच निवृत्त झालेला असतो. त्यातच सर्व्हर रचलेल्या एका कपाटाला, म्हणजे रॅकला, चार-पाच किलोवॉट वीज लागेल या हिशेबाने बांधलेल्या दालनात आज कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आणावयाची, तर त्यांतील एकेका रॅकची भूक 100 किलोवॉटच्याही वर जाते. तेथे हवा अपुरी पडून थंड द्रव थेट चिपपर्यंत न्यावा लागतो, आणि एवढे वजन फरशी पेलील काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

हे सारे करावयाचे ते काम एक क्षणही न थांबविता. म्हणून चांगल्या केंद्रात विजेचे दोन स्वतंत्र मार्ग असतात व प्रत्येक सर्व्हरला दोन प्लग असतात. एक मार्ग बंद करून दुरुस्त करावा, तोवर सगळा भार दुसऱ्याने वाहावा, अशी ती योजना. पण कोणा घाईतल्या तंत्रज्ञाने दोन्ही प्लग एकाच मार्गाला जोडून ठेवले असतील, किंवा दोन्ही मार्गांवरचा भार मिळून एकाच्या कुवतीबाहेर गेला असेल, तर कळ दाबताक्षणी अनर्थ ओढवतो. यास्तव दुरुस्तीचा पहिला टप्पा हाती कागद घेऊन रॅकमागून रॅक फिरण्याचा असतो; या कंटाळवाण्या कामास जो वेळ देत नाही, त्याने पुढच्या कामास हातच लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे पुण्यातील डेटा सेंटर 2010 साली सुरू झाले. सातबारा, दस्तनोंदणी, शिधापत्रिका या सर्वांच्या नोंदी तलाठ्याच्या व कचेऱ्यांच्या दप्तरांतून अशाच केंद्रांकडे गेल्या आहेत. नव्या इमारतीच्या पायाभरणीस मंजुरी चटकन मिळते, जुन्या बॅटऱ्या बदलण्याच्या तरतुदीस मात्र पुढच्या वर्षाचा वायदा मिळतो, आणि असे वायदे मुदत संपलेल्या यंत्रांच्या भरवशावर केले जातात, हे वेळीच ओळखले पाहिजे.

देजॉनमध्ये सर्वांत मोठे नुकसान झाले ते जी-ड्राइव्ह या कर्मचाऱ्यांच्या सामाईक संग्रहाचे. त्यातील 858 टेराबाइट माहिती कायमची गेली, कारण संग्रहाचा आकार फार मोठा म्हणून त्याची प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. ज्या खात्याने आपले सारे काम त्यातच ठेवण्याचा दंडक घातला होता, त्या कार्मिक प्रशासन मंत्रालयास सर्वाधिक झळ पोचली. म्हणून आपल्या राज्यकर्त्यांना व बँकांच्या चालकांना एवढेच आग्रहाने सांगावयाचे आहे की, जुन्या केंद्रातील पहिली बॅटरी सुटी करण्यापूर्वी दुसऱ्या शहरातील प्रत सिद्ध असावी, आणि तिच्यावरून कारभार प्रत्यक्ष चालवून पाहिलेला असावा.