आधी अंधार, मग दुर्बीण

लोकांसाठी वेधशाळा उभारायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो दुर्बीण केवढी, हा. मोठी आणली की शहरातूनही सगळं दिसेल, असा समज असतो. पण दुर्बीण ताऱ्यांबरोबर आभाळात पसरलेला दिव्यांचा उजेडही गोळा करते. चंद्र, गुरू, शनी शहरातून छान दिसतात. देवयानी दीर्घिकेसारखी अंधुक, पसरट वस्तू मात्र त्या उजेडात विरून जाते. अंधाऱ्या माळावर तीच, सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर असूनही, नुसत्या डोळ्यांना दिसते.

‘मग काय गावानं अंधारात राहायचं?’ हा आक्षेप हमखास येतो, आणि त्याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारीसारख्या बफर क्षेत्रातल्या गावांमधले दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल, अशी सोय केली. उघडा दिवा डोळ्यांवर तिरीप मारतो; वरून झाकलेल्या दिव्याखाली रस्ता उलट स्पष्ट दिसतो. दिवा पिवळसर असावा, कारण निळसर पांढरा प्रकाश हवेत जास्त विखुरतो.

बांधकामाबद्दलही असंच. घुमट हवाच, असं नाही. वाऱ्यापासून तो आडोसा देतो, हे खरं. पण शाळेची सहल आली तर सरकतं छप्पर बरं, सगळ्यांना पूर्ण आभाळ मिळतं. खरी काळजी घ्यायची ती पायात. दुर्बिणीचा खांब थेट जमिनीतून वर यावा आणि भोवतालच्या फरशीला कुठेही टेकू नये, नाहीतर पोरांच्या प्रत्येक पावलासरशी शनी थरथरतो. अंगणभर काँक्रीट ओतणं तर फारच वाईट. दिवसा तापलेली फरशी रात्री उष्णता सोडते, वर चढणारी हवा प्रतिमा हलवते. भोवती गवत राहू द्यावं.

दुर्बिणीतून फोटोंसारखे रंग दिसतात, हा समज आकाशदर्शनाआधीच दूर करावा. ते रंग कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवून टिपतो. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग जवळजवळ कळत नाहीत. अंधाराला सरावायलाच त्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक झगझगाट ते सगळं पुसून टाकतो. म्हणून वाटेवर मंद लाल दिवे हवेत. आणि आराखड्यात एक सभागृहही हवं: पावसाळ्याचे चार महिने आभाळ बहुधा झाकलेलंच असतं, पण मुलं तेव्हाही येतील.