घोड्याचा केस आणि फॉर्मालिनची बाटली

मानेवर चामखीळ आली की जालन्याकडे कुणीतरी सांगतंच: घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, आपोआप गळेल. यात थोडं तथ्य आहे. बारीक देठाला गाठ आवळली की रक्तपुरवठा तुटतो आणि ती सुकते. पण केस निर्जंतुक नसतो, जखम चिघळू शकते.

डॉक्टर लिग्नोकेनने जागा बधिर करतात, देठ कात्रीने छाटतात आणि विजेच्या उष्णतेने रक्त थांबवतात. एका बैठकीत किती काढायच्या, हे पुष्कळदा औषधच ठरवतं. नुसत्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं द्रावण जेमतेम ११ मिलिलिटर. चामखिळी अंगभर असतील, तर दोन-तीन फेऱ्या आल्याच.

तोंडातलं गणित वेगळं. ओठ चावला जाऊन लाळेची बारीक नळी फाटली, की पाणीदार फुगा येतो. नुसता फोडला तर पुन्हा भरतो. खालची इवलीशी ग्रंथीही काढावी लागते.

तंबाखूमुळे तोंडात येणारा पांढरा चट्टा मात्र गंभीर प्रकरण, त्यात कर्करोग दडलेला असू शकतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे (कागदावर तरी!), पण तंबाखू गालात धरणारे काही कमी नाहीत. असा चट्टा तपासणीआधीच जाळून टाकणं मला अक्षम्य वाटतं. पेशीच जळल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार काय? आधी छोटा तुकडा फॉर्मालिनमध्ये घालून पॅथॉलॉजिस्टकडे जायला हवा. त्यासाठी जालनेकरांना छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय फार लांब नाही.